‘बाई, पोटात दुखतंय’ : सीमाभागातल्या हायस्कुलात मानसिक आरोग्याची साक्षरता रुजवताना

आठवीतली एक मुलगी सलग चार सोमवार स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. दर वेळी एकच वाक्य, "बाई, पोटात दुखतंय." पहिल्या सोमवारी मी ओवा दिला. दुसऱ्या सोमवारी घरी पाठवलं. तिसऱ्या सोमवारी "गणिताची चाचणी असते म्हणून होय गं?" असं सगळ्यांदेखत विचारलं. चौथ्या सोमवारी मी वर्गावर होते. तिला दारात बघून आमच्या कन्नडच्या सरांनी नुसतं विचारलं, "बेजार आगेतेनु?" म्हणजे, बेजार झालीस काय? आणि ती पोर तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. वडील गोव्याला कामाला. दर रविवारी रात्री फोनवर भांडण, आणि ही पहाटेपर्यंत जागी. पोटात खरंच दुखत होतं. मी विज्ञान शिकवते, जठर आणि आतडी फळ्यावर काढते. तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी बरीच वर्षं आहे. त्या सोमवारनंतर जे शिकले, चुकत चुकत जे करून पाहिलं, ते इथं क्रमानं मांडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या शिक्षकांना आणि शाळा सुधारणा समितीतल्या पालकांना ते जसंच्या तसं वापरता यावं एवढाच हेतू.

साक्षरता म्हणजे नेमकं काय

‘मानसिक आरोग्य साक्षरता’ ही कल्पना ऑस्ट्रेलियातले संशोधक अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. मनाचा त्रास ओळखता येणं, तो कशामुळं होतो याची बऱ्यापैकी बरोबर समज असणं, स्वतः काय करता येतं आणि मदत कुठं मिळते हे ठाऊक असणं, आणि मदत मागायला लाज न वाटणं, असा त्याचा साधारण आवाका. पुढं कॅनडाचे स्टॅन कुचर यांनी शाळांसाठी त्यात आणखी एक गोष्ट पुढं आणली, ती म्हणजे मन मुळात धडधाकट ठेवायचं कसं.

यातला ‘ओळखता येणं’ हा भाग मुलांना सगळ्यात लवकर येतो आणि एकटा असला तर सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. ‘डिप्रेशन’ हा शब्द आता पाचवीतलं पोरही बोलतं. पण त्याला विचारा, तुला तसं झालं तर उद्या सकाळी कुणाकडं जाशील? गप्प. माझं मत आता पक्कं झालंय. आपल्या मुलांना माहिती कमी पडत नाही. दुखतंय ते सांगायला स्वतःचा शब्द नाही आणि तो ऐकायला ठरलेलं माणूस नाही. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठी आहे.

आणि खटपट का करायची, तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एक तृतीयांश मानसिक आजार चौदा वर्षांच्या आत आणि निम्मे अठराच्या आत सुरू होतात. म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या बाकांवर. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात त्रास असलेल्यांचं प्रमाण ७.३ टक्के आलं. साठ जणांच्या तुकडीत चार. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात कर्नाटक नव्हतं, महाराष्ट्रही नव्हता. दोन्हीकडून राहून जायची आपल्याला सवय आहेच, पण बाकांवरचे ते चार जण काही त्यामुळं कमी होत नाहीत.

पहिलं पाऊल : रेणुकाची गोष्ट

शिकवायला सुरुवात करण्याआधी मुलांना काय येतं ते बघा. त्यासाठी जॉर्म यांचीच युक्ती वापरायची, एका काल्पनिक माणसाची छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि प्रश्न विचारायचे. परदेशी गोष्टीचं भाषांतर वापरू नका, मुलांना ते दूरचं वाटतं. मी आमच्या मुलांसाठी ही लिहिली :

"रेणुका नववीत आहे. कबड्डीत तिला कुणी धरू शकत नसे. गेले तीन आठवडे ती मैदानावर येत नाही. डबा तसाच परत नेते. रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही म्हणते. काय झालंय विचारलं की अंगावर येते. परवा तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं दिसलं, माझा कुणाला काय उपयोग."

मग चार प्रश्न. रेणुकाला काय झालंय? कशामुळं झालं असेल? तू तिची मैत्रीण किंवा मित्र असतास तर काय केलं असतंस? आणि असं तुझ्या बाबतीत झालं तर कुणाला सांगशील? चौथ्या प्रश्नात नाव लिहायचं नाही, नुसतं नातं : आई, काकू, मित्र, सर.

चिठ्ठीवर मुलांनी आपलं नाव घालायचं नाही, फक्त मुलगा की मुलगी आणि इयत्ता. सगळ्यांना एकसारखे कागद आणि एकाच रंगाचं पेन द्या. आमच्याकडं पहिल्या वर्षी हिरव्या शाईवरून एकाला वर्गानं ओळखलं होतं. मार्क नाहीत, शुद्धलेखन नाही. आणि सुरुवातीलाच सांगा, "कुणाला आत्ताच माझ्याशी बोलायचं असेल तर चिठ्ठीच्या मागं फुली मारून आपला हजेरी क्रमांक घाला." अशी एखादी फुली येतेच. आली तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत त्या मुलाशी एकट्यानं बोला. ती तयारी नसेल तर चिठ्ठ्या वाटूच नका.

याला दुसरी गोष्ट जोडायची. सागर नावाच्या मुलाला खोलीत कुणी नसताना आपलं नाव घेऊन हाक मारल्यासारखं ऐकू येतं आणि वर्गातली मुलं मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात असं वाटतं. दोन्ही गोष्टींच्या उत्तरांतला फरक बघण्यासारखा असतो. रेणुकाबद्दल ‘टेन्शन’, ‘प्रेमप्रकरण’, ‘नाटक करतीय’, ‘डिप्रेशन’ असं सगळं येतं. सागरबद्दल मात्र मोठ्या अक्षरांत ‘बाहेरचं लागलंय’ किंवा एका शब्दात ‘हुच्च’. वेड्याला हा कन्नड शब्द आमची मराठी पोरं घरच्यासारखी वापरतात.

संध्याकाळी चिठ्ठ्या घेऊन बसा आणि ढीग लावा. तिसऱ्या प्रश्नाकडं जास्त लक्ष द्या. ‘डिप्रेशन’ असं अचूक लिहिणारीच मुलगी पुढं ‘मोटिव्हेशनल व्हिडिओ पाठवीन’ असं लिहिते, तेव्हा शब्द फोनवरून आलाय आणि उपायही तिथूनच आलाय हे कळतं. उलट ज्याला आजाराचं नाव माहीत नाही असा एखादा मुलगा लिहितो, ‘तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत जाईन आणि तिच्या आईला सांगीन.’ माझ्या हिशेबी तो जास्त साक्षर. चौथ्या प्रश्नातल्या ‘कुणालाच नाही’ या चिठ्ठ्या वेगळ्या काढून मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. तो पुढं लागेल.

दुसरं पाऊल : ही साक्षरता कशानं घडते, कशानं अडते

एका मुलाला हे जमतं आणि शेजारच्याला जमत नाही, त्यामागं बऱ्याच गोष्टी असतात. जगभरच्या अभ्यासांत दिसतं की मुली ओळखण्यात आणि मदत मागण्यात साधारणपणे मुलांच्या पुढं असतात. मुलं आधी मित्राला सांगतात, मोठ्यांना फार उशिरा. आणि ज्यांनी अशा त्रासातून बरं झालेलं माणूस जवळून पाहिलंय त्यांच्या मनात भीती आणि लाज कमी असते. आपल्या चिठ्ठ्यांतही तेच दिसेल. सीमाभागात मात्र त्यात भाषेची एक वेगळीच गुंतागुंत येते, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण बाहेरून आलेल्या कुठल्याही प्रशिक्षकाला ती माहीत नसते.

मराठी माध्यमातलं आपलं मूल घरी मराठी बोलतं, बसच्या पाट्या आणि दवाखान्यातली पत्रकं कन्नडमध्ये पाहतं, मोबाइलवर इंग्रजी-हिंदी ऐकतं. मनाबद्दलचे शब्द या तिन्ही वाटांनी येतात आणि वाटेत त्यांचे अर्थ बदलतात. आरोग्य केंद्रातल्या कन्नड भित्तिपत्रकावर जे लिहिलंय ते मोठ्यानं वाचलं तर ‘मानसिक आरोग्य’ असंच ऐकू येतं. दोन्ही भाषांत शब्द एकच आहे. पण त्याच्या खालची ओळ वाचा. ‘आतंक’. कन्नडमध्ये आतंक म्हणजे चिंता, धास्ती. आपली मुलं बातम्यांतले आतंकवादी आठवतात. ‘आप्तसमालोचक’ म्हणजे समुपदेशक, आमच्या एका बहाद्दरानं विचारलं, "बाई, क्रिकेटचे समालोचक दवाखान्यात कशाला?" ‘खिन्नते’ हा शब्द मात्र सांगितला की लगेच कळतो, खिन्न आपल्यालाही ठाऊक आहे. ‘ओत्तड’ म्हणजे ताण, तो शिकवावा लागतो.

मराठीतले शब्दही काही फार सोपे नाहीत. ‘नैराश्य’, ‘समुपदेशन’, ‘मनोविकारतज्ज्ञ’ हे आमच्या मुलांनी घरात कधी ऐकलेले नसतात. घरात काय म्हणतात? जीव घाबरा होतोय. कशात मन लागंना. डोकं भणभणतंय. छातीत धडधडतंय. आणि बेजार. हा शब्द तर सोनं आहे. इकडच्या कन्नडमध्येही बेजार, मराठीतही बेजार. कंटाळा, उदासी, वैताग, थकवा सगळं त्यात मावतं. कन्नडच्या सरांनी त्या दिवशी नकळत तोच वापरला.

म्हणून वर्गात शब्दांचा एक तास घ्या. फळ्याचे तीन उभे भाग करा : घरात काय म्हणतो, दवाखान्यात काय म्हणतात, कन्नडमध्ये काय म्हणतात. पहिला भाग मुलांकडून भरून घ्या, दुसरा तुम्ही भरा, तिसऱ्यासाठी कन्नडच्या शिक्षकांना बोलवा. या तासाला वादाचं वळण लागू देऊ नका. १९५६ पासूनचं सीमावादाचं राजकारण मुलांनी रस्त्यावर पाहिलेलं असतं. पण दवाखान्याच्या खिडकीत उभं राहून "पोटाला काय झालंय" आणि "मनाला काय झालंय" यांतला फरक सांगता येण्यासाठी पाच कन्नड शब्द आले तर कुणाचं मराठीपण कमी होत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. घरची कमाई आणि वेळ : निपाणीकडं विड्या वळणारी आई, बेळगावात वडगाव-शहापूरच्या मागावरचे वडील, गाळप हंगामात ऊसतोडीला गेलेलं अख्खं घर, तिथं मुलाच्या झोपेकडं बघायला सवड कुणाला? मुलगा असणं हीदेखील अडचणच, कारण ‘बाप्या माणसानं रडायचं नसतं’ हे त्याला सातवीपर्यंत पाठ झालेलं असतं. परीक्षा : दहावीची एसएसएलसी आणि त्यानंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम बहुतेक विषय इंग्रजीतून, ही धास्ती मराठी माध्यमाच्या मुलांना नववीतच लागते. अलीकडं एसएसएलसीच्या वर्षाला एकाहून जास्त परीक्षा मिळतात, हे मुलांना आणि पालकांना पुन्हा पुन्हा सांगा. अर्धा जीव तिथंच भांड्यात पडतो. मोबाइलवर मी फार लिहीत नाही. तो झोप खातो हे खरं आणि काही मुलांना पहिला शब्द तिथंच मिळतो हेही खरं.

आणि शिक्षक. आपणच ‘मेंटल आहेस काय रे’ म्हणतो. तो शब्द स्टाफरूममधून गेला पाहिजे, मगच वर्गातून जाईल.

तिसरं पाऊल : पाच तास, एका वर्षात

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर घाई नको. जुलैत चिठ्ठ्या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तास. जागतिक मानसिक आरोग्य दिन १० ऑक्टोबरला असतो, पण बहुतेकदा तो आपल्याकडं दसऱ्याच्या सुट्टीत सापडतो, त्यामुळं त्या दिवसाच्या भरवशावर राहिलात तर वर्ष गेलं. डिसेंबरनंतर दहावीला हात लावू नका. नववीवर भर द्या.

पहिला तास शब्दांचा, वर सांगितलाच.

दुसरा तास शरीराचा. विज्ञानाच्या शिक्षकानं घ्यावा. कुत्रं अंगावर आलं की काय होतं ते मुलांकडून वदवून घ्या : छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पोटात गोळा येतो. ॲड्रिनलिन काय करतं ते सांगा. मग विचारा, कुत्रं नसतानाच रोज तसं होत राहिलं तर? पोटदुखी, डोकेदुखी, झोप न येणं ही मनाच्या त्रासाची शरीरातली भाषा आहे, हे इथं कळतं. याच तासाला ताण आणि आजार यांतली रेघ ओढायची. चाचणीच्या आदल्या रात्री झोप न येणं हा ताण. चाचणी झाली की जातो. दिवसातला बराच वेळ, दोन आठवडे किंवा जास्त, आणि त्यामुळं खाणं-झोपणं-शाळा-खेळ बिघडलेलं, तर दाखवायला हवं. एक गोष्ट इथं ठासून सांगा : या वयात उदासी बऱ्याचदा रडक्या चेहऱ्यानं येत नाही, चिडचिड होऊन येते. वर्गातलं ‘उद्धट’ पोर आठवा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हेही फळ्यावर लिहा. मुलं हसतील, पण लिहा.

तिसऱ्या तासाला बरं झालेलं माणूस. पत्रकं वाटण्यापेक्षा याचा परिणाम मोठा असतो. गावात कुणी तयार असेल तर उत्तम, पण त्याच्यावर दबाव नको आणि तो सध्या बरा आहे हे डॉक्टरांकडून कळायला हवं. कुणी मिळालं नाही तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना बोलवा. नाव न घेता त्या सांगतात. मधुमेहाची गोळी चालते तशी ही गोळी चालते, हे आशाताईंच्या तोंडून आलं की मुलांना जास्त पटतं.

चौथा तास मित्रांचा. मुलं मित्रालाच सांगणार असतील तर मित्राला तयार करणं शहाणपणाचं. तीन वाक्यं जोडीजोडीनं बोलून घ्या. "तू बरेच दिवस गप्प आहेस, काय होतंय?" मग ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, हे मुलांना फार जड जातं, आपल्यालाही. दुसरं, "हे तुला एकट्यालाच निभवायला नको." तिसरं, "चल, आपण दोघं बाईंकडं जाऊ." दोघं, हा शब्द महत्त्वाचा.

आणि गुपिताचा नियम. मित्रानं ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं तरी जिवाचा प्रश्न असेल तर सांगायचंच. ‘मेलेलं बरं’, ‘माझ्यानंतर हे तू घे’, अशी वाक्यं ऐकली तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला गाठायचं, तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. पुष्कळ शिक्षकांना वाटतं की मरणाबद्दल थेट विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. शांतपणे "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. मात्र वर्गात कुणाच्या आत्महत्येची पद्धत, जागा, चिठ्ठी यांची वर्णनं करू नका, आणि ‘परीक्षेत नापास झाला म्हणून’ असं एकच कारण चिकटवू नका.

पाचव्या तासाला नकाशा काढायचा. प्रत्येक मुलानं आपल्या घरापासून मदतीपर्यंतची वाट कागदावर काढायची. पहिलं टोक घर, दुसरं शाळेतलं एक माणूस, मग आरोग्य केंद्र, तालुक्याचा दवाखाना, बेळगाव. बसची वेळ, फोन नंबर, कोण बरोबर येईल, सगळं लिहायचं. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांच्या नकाशात शेवटची बस चुकली तर काय, याचं उत्तरही असायला हवं.

चौथं पाऊल : तो नकाशा तुम्ही आधी स्वतः चालून या

पहिल्या वर्षी मी फळ्यावर नंबर लिहिले आणि मोकळी झाले. एका पालकांनी दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "बाई, तिथं मराठी बोलतात काय?" मला सांगता येईना. म्हणून आधी स्वतः करा.

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर स्पीकरवर लावून बघा, कुठला आकडा दाबल्यावर मराठी येतं ते टिपून ठेवा. इथं सीमेचा प्रश्नच येत नाही, सेवा देशभराची आहे. मारहाण, बालविवाह, घर सोडून पळणं अशा बाबतीत १०९८, ही मुलांसाठीची मदतवाहिनी.

जवळचं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. किशोरवयीनांसाठी कर्नाटकात ‘स्नेहा क्लिनिक’ या नावानं सल्ला केंद्रं असतात. तुमच्या केंद्रात कुठल्या वारी, कोण बसतं ते विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात. कर्नाटकानं ‘मनोचैतन्य’ या नावाखाली त्यासाठी मंगळवार ठरवला होता. तरी निघण्याआधी फोन करून वार पक्का करा, नाहीतर पालकांची रोजी बुडते आणि पुन्हा ते येत नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर गेला तो मुळात बळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगातून, म्हणजे आपल्याच राज्यातून. पुढची पायरी बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बीम्स, आणि त्याहून मोठं काही लागलं तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था.

प्रवासखर्चाचं एक साधं गणित आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमध्ये बायका-मुलींना तिकीट नाही. म्हणजे आई आणि मुलगी आधार कार्ड घेऊन खानापूरहून बेळगावला फुकट जाऊन येतात. मुलगा असेल तर त्याचं तिकीट पडतं. शाळेच्या मदतनिधीतून तेवढं द्यायचं ठरवून ठेवा. बरोबर कन्नड बोलणारं एखादं माणूस दिलंत तर निम्मं काम झालं.

कायदाही माहीत हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळेनं एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, त्याहून लहान शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संधान बांधायचं, आणि मदतीचे नंबर ठळक लावायचे. हे मुख्याध्यापकांच्या टेबलावर लेखी ठेवा. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरतं. आणि लैंगिक अत्याचाराबद्दल मूल काही बोललं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. म्हणून कुठल्याही मुलाला ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण आधी तुला सांगूनच सांगीन," एवढंच म्हणा.

पाचवं पाऊल : घर आणि देवऋषी

पालकसभा शनिवारी दुपारी किंवा अमावास्येला घ्या, शेतातली कामं त्या दिवशी कमी असतात. विषयाचं नाव ‘मानसिक आरोग्य’ ठेवलंत तर दहा जण येतील आणि तेही मागं बसतील. ‘मुलांची झोप, भूक आणि अभ्यास’ ठेवा.

सौंदत्तीची यल्लम्मा या भागातल्या पुष्कळ घरांचं कुलदैवत. तिथं जाऊन आलेल्या आईला ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणवलं की ती मुलीला पुन्हा तुमच्यापर्यंत येऊ देत नाही. मी आता म्हणते, "अंगारा लावलाय तो राहू दे, मावशी. देवीचंही बघा आणि डॉक्टरचंही बघू." बहुतेक जणी मान डोलावतात. पण भूत काढायचं म्हणून मारणं, चटके देणं, कोंडणं, उपाशी ठेवणं दिसलं तर तिथं गोड बोलणं संपलं. कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

सभेत आणखी एक गोष्ट सांगायचीच, आणि ती कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची आहे. फवारणीची औषधं खाटेखाली, माळ्यावर नकोत. कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाजवळ. रागाचा तो एक क्षण टळला तर पुष्कळदा जीव वाचतो.

मुलाबद्दल पालकांशी बोलताना आजाराचं नाव तुम्ही देऊ नका. आपण डॉक्टर नाही. जे पाहिलं तेच सांगा, तारखेनं. "तीन आठवडे डबा परत येतोय. सोमवारी पोट दुखतं. वर्गात झोपते." यावर वाद घालता येत नाही.

सहावं पाऊल : पुन्हा चिठ्ठ्या

तास संपल्यावर लगेच नको. दिवाळीनंतर, तीन महिन्यांनी. तेच कागद, त्याच रेणुका आणि सागर. पहिल्या प्रश्नाची उत्तरं सुधारलेली दिसतील, त्यावर भाळू नका. ती मुलांनी तुमच्यासाठी लिहिलेली असतात. सागरच्या बाबतीत ‘हुच्च’ किती उरले ते बघा. तिसऱ्या प्रश्नात ‘बरोबर जाईन’ किती वाढलं ते बघा. आणि वहीतला तो आकडा काढा, ‘कुणालाच नाही’. तो मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा मोजा. आमच्याकडं मुलींचा लवकर उतरला, मुलांचा हलता हलला नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मित्रांचा तास पीटीच्या सरांनी मैदानावर घेतला, वर्गात नाही. बोलताना मुलांच्या हातात चेंडू असला तर बरं पडतं, हे त्यांनीच सुचवलं.

चौथ्या प्रश्नात कुठलं नातं पुन्हा पुन्हा येतंय तेही बघा. ते माणूस शाळेतलं असेल तर त्याला वेळ मिळवून द्या. केंद्राच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायची सोय आहे. बहुतेक शाळांत ती नावं ज्येष्ठतेनं भरलेली असतात. चिठ्ठ्यांवरून भरा.

आमच्या त्या ढिगात सहा-सात चिठ्ठ्यांवर ‘कन्नडचे सर’ असं होतं. माझ्या नावाची एकही नव्हती. हेडमास्तरांशी बोलून सरांचा शनिवारचा शेवटचा तास मोकळा करून घेतला, आणि त्या वेळेला नववीचं गणित मी बघते.